एचओ लेआउटचे रूळ आणि वायरिंग: जॉइनरच्या भरवशावर राहू नका

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यालाही कळेल. आठ बाय चार फुटांच्या प्लायवर एचओचा, म्हणजे १:८७ मापाच्या मॉडेल रेल्वेचा ओव्हल आहे, आत एक पासिंग लूप (गाड्या एकमेकींना ओलांडायची बाजूची लाइन), दोन पॉइंट (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारे सांधे), कंट्रोलरमधून एकाच ठिकाणी दोन तारा रुळाला जोडलेल्या. गाडी कंट्रोलरजवळ छान पळते, समोरच्या टोकाला गेली की रेंगाळते, छोटं चार चाकांचं शंटर इंजिन पॉइंटवर अडकतं, आणि पावसाळा लागल्यापासून हे सगळं वाढलंय. इंजिन खराब झालंय का हा एक प्रश्न, आणि सगळं उखडून डीसीसी (रुळातूनच प्रत्येक इंजिनाला वेगळा हुकूम देणारी डिजिटल पद्धत) करायचं झालं तर रूळ आणि वायरिंग पहिल्यापासून कसं करावं हा दुसरा.

इंजिन बहुतेक ठणठणीत आहे. गेली वीसेक वर्षं मी हे काम करतोय, स्वतःचे तीन लेआउट झाले आणि मित्रांचे किती सोडवले ते मोजलं नाही, आणि गाडी लांब गेल्यावर हळू होते या तक्रारीत दर वेळी दोष एकाच ठिकाणी सापडतो, तो म्हणजे दोन रुळांना जोडणारा तो बारीक पत्र्याचा जॉइनर. त्याचं काम रूळ एका रेषेत धरून ठेवणं. आपण त्याच्यावर करंट वाहून न्यायचंही काम टाकतो आणि नवा असताना तो ते करतोही, म्हणून आपली फसगत होते. दोनचार वेळा काढला-घातला की तो सैल होतो, आत धूळ जाते, दमट हवेत पृष्ठभाग काळवंडतो, आणि मग प्रत्येक जोड म्हणजे एक छोटा रेझिस्टर.

हिशोब करून बघा. तुमच्या ओव्हलची लांबी साधारण सहा मीटर येते. सेटट्रॅकचे, म्हणजे ठरावीक मापाचे तयार तुकडे असतील तर कंट्रोलरपासून समोरच्या टोकापर्यंत एका बाजूने पंधराएक जॉइनर, दोन्ही रूळ धरले तर तीस. समजा प्रत्येकाने पाव ओहम खाल्ला तर साडेसात ओहम झाले, ओव्हल असल्यामुळे करंट दोन्ही बाजूंनी येतो म्हणून त्याचे निम्मे, म्हणजे पावणेचार. इंजिनाने अर्धा अँपिअर ओढला की जवळपास दोन व्होल्ट वाटेतच गेले, आणि तुम्ही सहा-सात व्होल्टवर गाडी चालवत असाल तर पाव ताकद तिथेच संपली. रेंगाळणार नाही तर काय करेल.

हे तपासताना बरेच जण एक चूक करतात, मल्टीमीटर घेऊन रिकाम्या रुळावर व्होल्टेज मोजतात आणि सगळीकडे बारा दिसतं म्हणून वायरिंग चांगलं आहे असं ठरवून मोकळे होतात. रिकाम्या रुळात करंटच वाहत नाही तर व्होल्टेज पडणार कुठून! लोड लावून मोजायचं. बाइकच्या इंडिकेटरचा बारा व्होल्ट दहा वॅटचा बल्ब आणा, त्याला दोन तारा लावा, कंट्रोलर पूर्ण उघडा आणि तो बल्ब रुळावर धरून त्याच जागी मीटर लावा. हा बल्ब पाऊण-एक अँपिअर ओढतो, तेवढं तुमच्या कंट्रोलरला झेपतं का ते त्याच्यावर लिहिलेलं बघून घ्या, नसेल झेपत तर पाच वॅटचा बल्ब घ्या. जवळ मोजा, टोकाला मोजा, पॉइंटच्या दोन्ही बाजूंना मोजा आणि वहीत लिहून ठेवा, नंतर नवीन वायरिंग झालं की त्याच जागा परत मोजायच्यात.

आता पहिल्यापासून.

प्लाय बारा मिलिमीटरचा, आणि बीडब्ल्यूपी म्हणजे पाण्याला टिकणारा घ्या, साधा कमर्शियल प्लाय मुंबई-ठाण्याच्या किंवा कोकणाच्या हवेत दोन पावसाळ्यांत पान वळल्यासारखा वळतो. खाली पाइनच्या पट्ट्यांची चौकट, आडव्या पट्ट्या चाळीस-पंचेचाळीस सेंटीमीटरवर. आणि प्लायला वरून, खालून आणि कडांनाही प्रायमर मारा, हे सुताराला दोनदा सांगा कारण खालची बाजू दिसत नाही म्हणून तो सोडून देतो, आणि एकाच बाजूने ओल शोषली की बोर्ड वाकतोच. चार फूट रुंद बोर्ड भिंतीला चिकटवू नका, हात दोन-अडीच फुटांपुढे नीट पोचत नाही, आणि गाडी घसरणार ती नेमकी पलीकडच्या कोपऱ्यात.

रेडियसबद्दल दोन शब्द. चार फूट रुंदीत कडेला दोन इंच सोडले तर जास्तीत जास्त बावीस इंच, म्हणजे साधारण छप्पन सेंटीमीटर बसते. आपला आयसीएफ म्हणजे जुन्या बनावटीचा डबा खरा २१.३ मीटरचा, एचओत म्हणजे १:८७ ला साडेचोवीस सेंटीमीटर, आणि एलएचबी म्हणजे नव्या बनावटीचा सत्तावीस. डब्याच्या लांबीच्या तिप्पट रेडियस असली की गाडी वळताना देखणी दिसते असा माझा ठोकताळा, म्हणजे आयसीएफला त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तर सेंटीमीटर, ते आठ बाय चारवर शक्य नाही. छप्पनवर डबे चालतील पण मधला भाग आत येईल आणि टोकं बाहेर जातील, तेव्हा लूपच्या दोन रुळांत अंतर जास्त ठेवा. सेटट्रॅकच्या दुसऱ्या रेडियसवर, ४३८ मिलिमीटरवर, पूर्ण लांबीचे डबे मी चालवणार नाही. एक वळण डावीकडे आणि लगेच दुसरं उजवीकडे असं करू नका, मधे निदान एका डब्याएवढा सरळ तुकडा हवाच, नाहीतर कपलिंग एकमेकांना ओढून डबा रुळावरून उचलतात.

तुम्ही पुढे पूल करायचं म्हणालात म्हणून सांगतो. खालच्या गाडीवरून वरचा रूळ न्यायचा तर साडेसात सेंटीमीटर उंची लागते. बोर घाटात चढ १:३७ आहे आणि तिथे खऱ्या गाड्यांना मागून बँकर इंजिनं लावावी लागतात. तुम्ही १:४० धरलात तरी साडेसात सेंटीमीटरला तीन मीटर लांबी लागते, म्हणजे अर्धा ओव्हल चढ आणि अर्धा उतार, स्टेशनला सपाट जागाच उरत नाही. आठ बाय चारवर पूल नको. घाटच हवा असेल तर भिंतीलगतचा शेल्फ करा, जागा कमी खातो आणि दिसायला कितीतरी खरा वाटतो.

आणखी एक, हे विचारलं नाहीत पण विचारणार नक्की. एचओचा गेज साडेसोळा मिलिमीटर म्हणजे खऱ्यातला १४३५ मिलिमीटरचा स्टँडर्ड गेज. आपला ब्रॉडगेज १६७६, तो १:८७ ला सव्वाएकोणीस मिलिमीटर येतो, त्यामुळे भारतीय मॉडेल्सही साडेसोळावरच चालतात आणि पुढून बघितलं की रूळ किंचित अरुंद वाटतो. मी मनाला लावून घेत नाही. नेरळ-माथेरानची हौस असेल तर ती ६१० मिलिमीटरची, एचओत सात मिलिमीटर येते, त्यासाठी लोक एन या आणखी छोट्या मापाचा नऊ मिलिमीटरचा रूळ वापरून वर माथेरानची गाडी बांधतात आणि फार गोड दिसते ती.

रूळ टाकताना. प्लॅन संगणकावर काढा, स्कार्म किंवा एनीरेल हे सॉफ्टवेअर चालेल, पण मग तो पूर्ण मापात प्रिंट करून बोर्डवर पसरा आणि पॉइंट प्रत्यक्ष ठेवून बघा. पॉइंट पहिले बसवायचे, बाकीचा रूळ त्यांना येऊन मिळतो. पॉइंटच्या खाली चौकटीची पट्टी येत नाहीये ना हे बघा, नाहीतर मोटर बसवायला जागा नाही. हे मी स्वतः केलंय, पट्टी अर्धी कापावी लागली आणि त्या जागी बोर्ड कायमचा लवला.

प्लायवर मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना तीन मिलिमीटरचा कॉर्क चिकटवा. फेविकॉल लावा, वर वजन ठेवा, रात्रभर सोडा. कॉर्क सुकल्यावर सँडपेपर ठोकळ्याला गुंडाळून वरून एकदा फिरवा, जिथे दोन तुकडे मिळतात तिथे उंचवटा असतो तो गेला पाहिजे. त्यावर डोळे मिटून बोट फिरवा, डोळ्याला जे दिसत नाही ते बोटाला कळतं. खाली थर्माकोल वापरणार असाल तर सॉल्व्हंटचा गोंद अजिबात लावू नका, थर्माकोल विरघळतो.

सेटट्रॅकपेक्षा फ्लेक्सिट्रॅक, म्हणजे हवा तसा वाकणारा लांब रूळ घ्या असं मी सांगीन, पेको कंपनीचा एक तुकडा ९१४ मिलिमीटरचा म्हणजे एक यार्डाचा येतो, सहा मीटरच्या ओव्हलला सात तुकडे, जोड तीसऐवजी सात. कोड १०० म्हणजे रूळ इंचाच्या शंभर हजारांश भाग उंच, अडीच मिलिमीटर. कोड ७५ दिसायला नाजूक आणि खरा वाटतो पण जुन्या मॉडेल्सच्या चाकांची कड खोल असते, ती स्लीपरवर आपटते. पहिल्या लेआउटला कोड १००.

फ्लेक्सिट्रॅक वाकवला की आतला रूळ पुढे सरकतो, ते जास्तीचं कापायचं. कापल्यावर कानशीने टोक सपाट करा आणि वरची आतली कड किंचित मोडा, नाहीतर चाक तिथे अडखळतं. जॉइनर घालायला शेवटचे एक-दोन स्लीपर काढावे लागतात, ते फेकू नका, खालून तासून नंतर परत सरकवायचेत. आणि सगळ्यात महत्त्वाचं, जोड वळणावर येत असेल तर दोन तुकडे सरळ असतानाच जोडून सोल्डर करा आणि मग एकदम वाकवा. वळवल्यानंतर जोडलात तर रूळ सरळ व्हायला बघतो, जोडाला कोपरा येतो आणि दर फेरीला गाडी तिथे झटका खाते. तो कोपरा नंतर काही केल्या जात नाही, मी खूप प्रयत्न केलेत.

बसवायला खिळे ठोकू नका. खिळा जरा जास्त आत गेला की स्लीपर मधे दबतो, दोन्ही रूळ आत झुकतात, गेज आवळतो आणि चाक वर चढतं. अ‍ॅक्रिलिक सीलंटचा पातळ थर पसरा, रूळ ठेवा, टाचण्यांनी धरा, वर पाण्याच्या भरलेल्या बाटल्या आडव्या ठेवा. सीलंट पंधरा-वीस मिनिटं हलवू देतं, आणि पुढे कधी काढायचा झाला तर खालून पातळ पट्टी सरकवून निघतोही. पॉइंटच्या हलणाऱ्या भागाखाली मात्र काही लावायचं नाही, पॉइंट दोन्ही बाजूंच्या रुळांनीच धरलेला राहतो. बसवल्यावर डोकं खाली नेऊन रुळाच्या पातळीवरून बघा, लाट दिसली तर लगेच दिसेल. मग सगळ्यात लांब डबे घेऊन इंजिनाने मागून ढकलत न्या, ओढताना जे लपतं ते ढकलताना घसरून दाखवतं.

जोडांमधली फट, याच्यावर जरा थांबतो, कारण यात माझं एक वर्ष गेलं. ठाण्याच्या घरी भिंतीलगत पाच मीटरचा सरळ शेल्फ केला होता, जानेवारीत, आणि एक जोड सैल राहू नये म्हणून सगळेच्या सगळे सोल्डर केले. मे महिन्यात दुपारी येऊन बघतो तर मधला रूळ सीलंट सोडून बाजूला फुगलाय आणि तीन डबे आडवे. हिशोब नंतर केला. या धातूचा मीटरभर तुकडा एका अंशाला मिलिमीटरचे सतरा हजारांश भाग वाढतो, पाच मीटरला पंधरा अंशांत सव्वा मिलिमीटर. हे ऐकायला काहीच वाटत नाही. पण एका मीटरच्या तुकड्यात एक मिलिमीटर जास्तीचा झाला आणि तो मधोमध वाकला तर फुगवटा येतो जवळपास दोन सेंटीमीटरचा! त्यात लाकूड थंडीत कोरडं होऊन आकसतं आणि पावसाळ्यात फुगतं, ते वेगळंच. म्हणून आता वळणावरचे जोड सोल्डर, सरळातले मोकळे, आणि प्रत्येक मोकळ्या जोडात व्हिजिटिंग कार्डाएवढी फट. मे महिन्यात टाकत असाल तर फट कमी चालेल, डिसेंबर-जानेवारीत मात्र कार्ड घालूनच टाका. आणि हे मोकळे जोड विजेच्या दृष्टीने निरुपयोगी आहेत असंच समजायचं, म्हणजे आपण आपोआप वायरिंगकडे येतो.

वायरिंगचं तत्त्व एकच, रुळाचा प्रत्येक तुकडा, जॉइनरच्या मधला अगदी वीतभर असला तरी, त्याला स्वतःची तार. दोन्ही रुळांना. या तारांना ड्रॉपर म्हणतात, त्या बोर्डातून खाली उतरतात आणि खाली लेआउटभर फिरणाऱ्या दोन जाड तारांना म्हणजे बसला मिळतात. जिथे दोन तुकडे सोल्डर केलेत तिथे दोघांत मिळून एक चालते. नवीन लोकांना हे अति वाटतं, सात तुकड्यांना चौदा तारा कशाला म्हणतात, पण एकदा केलं की पुढची दहा वर्षं रूळ पुसण्यापलीकडे काही करावं लागत नाही.

रूळ ज्याचा असतो ते निकेल सिल्व्हर म्हणजे आपल्याकडचं जर्मन सिल्व्हर, त्यात चांदी अजिबात नसते, तांबं, निकेल आणि जस्त. गंजत नाही हा त्याचा गुण, पण वीज वाहून न्यायला तांब्यापेक्षा ढोबळमानाने पंधरा पट खराब. म्हणजे रूळ जाड दिसला तरी त्याच्यातून लांबवर करंट न्यायचा नाही, तारेनेच न्यायचा.

बसला घरगुती वायरिंगची मल्टिस्ट्रँड दीड स्क्वेअरची (दीड चौरस मिलिमीटर छेदाची) वायर घ्या, लाल आणि काळी, इलेक्ट्रिकच्या कुठल्याही दुकानात मिळते, मुंबईत लोहार चाळ आणि पुण्यात तापकीर गल्लीत स्वस्त पडते. तुमच्या मापाला दीड पुरे, मोठ्या खोलीभर लेआउट आणि पाच अँपिअरचा बूस्टर (डीसीसीत रुळाला करंट पुरवणारा डबा) असेल तर अडीच. फरक किती पडतो बघा, पाच मीटर जाऊन पाच मीटर परत असा दहा मीटरचा दीड स्क्वेअर म्हणजे सव्वा दशांश ओहमच्या आत, तीन अँपिअरला पाव-तिसरा हिस्सा व्होल्ट पडतो. स्पीकरची बारीक पाव स्क्वेअरच्याही आतली वायर वापरलीत तर तिथेच अडीच व्होल्टच्या वर जातात. ड्रॉपर बारीक चालतो, अर्धा स्क्वेअर किंवा त्याहून थोडा कमी, पण आखूड हवा, वीतभर.

रंगाची शिस्त पाळा. मी बोर्डाच्या पुढच्या कडेला उभा राहून जवळचा रूळ काळा आणि पलीकडचा लाल असं धरत नाही, कारण ओव्हलवर समोर गेल्यावर जवळ-लांब उलटं होतं आणि तिथेच लोक शॉर्ट करून ठेवतात. आतला रूळ काळा, बाहेरचा लाल, आणि प्रत्येक रुळावर मार्करने ठिपका. तार खाली उतरताक्षणी त्याच रंगाची.

सोल्डरिंग. पंचवीस वॅटचं सोल्डरिंग आयर्न चालेल असं सगळे सांगतात, माझा अनुभव उलटा आहे. कमी ताकदीचं आयर्न लावून बसावं लागतं, तेवढ्या वेळात उष्णता रुळातून पसरते आणि स्लीपर वितळतात. चाळीस ते साठ वॅट, चपटं टोक, आणि दोन-तीन सेकंदांत काम संपलं पाहिजे. रुळाची बाहेरची बाजू सुरीने किंवा कानशीने खरवडून चकचकीत करा, रेझिनचा फ्लक्स लावा, आधी रुळावर थोडं कथील चढवा, तारेच्या टोकावर चढवा, आणि मग दोन्ही एकत्र धरून टोक टेकवा. आजूबाजूला ओल्या कापसाचे दोन बोळे ठेवा, ते उष्णता पितात. अ‍ॅसिडचा फ्लक्स नको, पत्र्याला डाख लावणाऱ्यांकडे मिळतो तो, पुढे दोन वर्षांनी तार हिरवी होऊन तुटते. आतल्या बाजूला कथलाचा थेंब राहिला तर चाकाची कड त्यावर चढते, म्हणून नेहमी बाहेरून, आणि जमलं तर रूळ बसवण्याआधी टेबलावर खालूनच ड्रॉपर लावून घ्या, मग वरून काही दिसतच नाही.

खालचे जोड नुसते पिळून वर इन्सुलेशन टेप गुंडाळू नका. आपल्या उन्हाळ्यात टेपचा गोंद पातळ होतो आणि टेप उलगडते. बसचं आवरण सेंटीमीटरभर सोलून ड्रॉपर गुंडाळून सोल्डर करा, किंवा स्क्रूची कनेक्टर पट्टी वापरा. लाल आणि काळ्याचे जोड एकमेकांसमोर येऊ देऊ नका, चार बोटं पुढे-मागे ठेवा. आणि प्रत्येक ड्रॉपर जोडला की मल्टीमीटर बझरवर ठेवून लाल-काळं तपासा. सगळे चौदा जोडून मग तपासलं आणि बझर वाजला, तर चौदापैकी कुठला ते शोधत बसावं लागतं, एकेक जोडताना वाजला तर शेवटचाच.

आता पॉइंटवर शंटर अडकण्याची गोष्ट. आपल्या रेल्वेत पॉइंट बदलणाऱ्याला सांधेवाला म्हणतात, आणि मॉडेलमध्येही सगळं रडगाणं तिथेच असतं. दोन रूळ एकमेकांना जिथे छेदतात तो व्ही आकाराचा भाग म्हणजे फ्रॉग. इन्सुलफ्रॉग प्रकारात तो प्लास्टिकचा, मेलेला. लांब इंजिनाची बाकीची चाकं करंट घेत राहतात म्हणून त्याला फरक पडत नाही, चार चाकांचं शंटर हळू गेलं की त्याची एका बाजूची दोन चाकं असतात ती, एक प्लास्टिकवर आणि दुसऱ्याखाली जरा धूळ, संपलं. इलेक्ट्रोफ्रॉगमध्ये फ्रॉग धातूचा आणि जिवंत असतो, पण पॉइंट ज्या बाजूला लावलाय त्याप्रमाणे त्याची बाजू बदलावी लागते. एकदा लाल, एकदा काळा.

जोडायचं असं. फ्रॉगमधून बाहेर पडणारे जे आतले दोन रूळ आहेत त्या दोघांना प्लास्टिकचे इन्सुलेटेड जॉइनर, हे विसरलात तर एका बाजूला लावल्यावर सगळा लेआउट शॉर्ट. करंट पॉइंटच्या टोकाकडून, जिथे एकच मार्ग असतो तिथून द्या, आणि इन्सुलेटेड जॉइनरच्या पलीकडे दोन्ही मार्गांना वेगळे ड्रॉपर. फ्रॉगची तार पॉइंट मोटरवरच्या चेंजओव्हर स्विचच्या मधल्या टोकाला, स्विचची बाकीची दोन टोकं बसच्या लाल आणि काळ्याला. पॉइंटची पाती रुळाला टेकून करंट देतात त्याच्यावर विसंबू नका, ती जागा जॉइनरपेक्षाही लवकर काळी पडते. पेकोचा नवीन युनिफ्रॉग येतो, त्यात फ्रॉग आधीच वेगळा केलेला असतो, नुसता बसवला तर इन्सुलफ्रॉगसारखा आणि तार जोडली तर जिवंत. नवीन घेणारच असाल तर हाच घ्या आणि तार जोडाच.

मोटरचं म्हणाल तर सॉलेनॉइड (विद्युतचुंबकाने पाती झटक्यात सरकवणारी) स्वस्त आणि दणकट, पण बटण जास्त वेळ दाबलं गेलं की कॉइल जळते, त्याला कपॅसिटर डिस्चार्ज युनिट लावा. मला सर्व्हो आवडतो, छोटा नऊ ग्रॅमचा, एका आर्डुइनोवर (प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड) कितीतरी चालतात, लॅमिंग्टन रोडवर सहज मिळतात, आणि पाती हळूच सरकताना बघायला फार छान वाटतं. फ्रॉगसाठी सर्व्होबरोबर एक मायक्रोस्विच किंवा रिले लागतो एवढंच.

तुमच्या प्लॅनमध्ये ओव्हलच्या आतून तिरका जाणारा एक रूळ पुढे टाकायचा विचार दिसला, तिथे सावध. लाल रुळावर बोट ठेवून फिरायला लागा, पॉइंटवरून त्या तिरक्या रुळावर जा आणि परत ओव्हलवर या. बोट काळ्या रुळावर आलं तर तो रिव्हर्स लूप आहे आणि तसाच जोडलात तर सरळ शॉर्ट. तो तिरका तुकडा दोन्ही टोकांना, दोन्ही रूळ, इन्सुलेटेड जॉइनरने तोडायचा आणि तो तुमच्या सगळ्यात लांब गाडीपेक्षा लांब असायला हवा. डीसीवर, म्हणजे साध्या कंट्रोलरवर, त्याला डीपीडीटी (लाल-काळं उलटवणाऱ्या) स्विचने वेगळा करंट द्या आणि गाडी आत असताना मेन लाइनची दिशा बदला, डीसीसीवर ऑटो रिव्हर्सर लावा म्हणजे तो आपोआप पलटवतो, गाडीला कळतही नाही.

डीसीसी करावं का? तुमच्याकडे दोन इंजिनं आहेत आणि एकाच रुळावर दोन्ही वेगवेगळी चालवायची आहेत, तर हो. डीसीमध्ये त्यासाठी ब्लॉक पाडून टॉगल स्विच लावावे लागतात, ते शिकण्यात मजा आहे पण तारा दुपटीने वाढतात. डीसीसीत रुळात सतत पूर्ण व्होल्टेज असतं, चौदा-पंधरा व्होल्टचा उलटसुलट होणारा सिग्नल, आणि इंजिनातला डिकोडर आपल्या पत्त्याचा हुकूम ऐकतो. म्हणून त्याला खराब जोड जास्त जाणवतात, डीसीवर इंजिन क्षणभर अडखळून पुढे जातं, इथे डिकोडर बंद होऊन परत सुरू होतो, आवाजवालं इंजिन असेल तर आवाज तुटतो. डीसी कंट्रोलर आणि डीसीसी एकाच वेळी एकाच रुळाला कधीही जोडू नका. सेटमधल्या जुन्या पॉवर क्लिपमध्ये काही वेळा कपॅसिटर असतो, तो डीसीसीचा सिग्नल बिघडवतो, ती क्लिप काढूनच टाका, ड्रॉपर असल्यावर तिची गरज नाही. डिकोडर नसलेलं इंजिनही त्या रुळावर ठेवू नका, मोटर गुणगुणते आणि तापते.

डीसीसी सुरू झाल्यावर एक चाचणी न चुकता करा. पाचचं नाणं घ्या आणि लेआउटवर दर हातभर अंतरावर दोन्ही रुळांवर आडवं टेकवा. प्रत्येक ठिकाणी सिस्टिम तत्काळ ट्रिप झाली पाहिजे. एखाद्या जागी नाही झाली, तर तिथपर्यंतच्या तारेत इतका विरोध आहे की शॉर्ट झाला तरी बूस्टरला कळत नाही, आणि डबा घसरून शॉर्ट झाला तर तीन-चार अँपिअर त्या चाकांतून वाहत राहतात, बोगी वितळते. एका मित्राकडे रत्नागिरीला मागच्या यार्डात नेमकं हेच झालं, तिथे ड्रॉपर नव्हते, नुसते जॉइनर. नवीन डब्याची बोगी गेली.

२३० व्होल्टचं काहीही बोर्डाखाली उघडं नको. अडॅप्टर बंद डब्यात, बोर्डाखाली जे जाईल ते फक्त कमी व्होल्टेजचं. घरात लहान मुलं खाली रांगतात, आणि आपणही पाठीवर पडून वर हात घालून काम करतो.

पावसाळ्यात रूळ काळे होतात ते आयसोप्रॉपिल अल्कोहोलने सुती कापडाने पुसा. सँडपेपर कधीच नाही, ओरखड्यांत घाण घट्ट बसते आणि पुढच्या वेळी दुप्पट वेगाने काळं होतं. चाकांसाठी तेच कापड ओलं करून रुळावर आडवं टाका, इंजिनाची अर्धी चाकं कापडावर आणि अर्धी रुळावर ठेवून हाताने धरून फिरू द्या, मग उलटं. डब्यांची प्लास्टिकची चाकं जमेल तशी धातूची करत जा, प्लास्टिक घाण गोळा करून सगळ्या रुळावर पसरवतं.

खडी सगळ्यात शेवटी, आणि तीही महिनाभर रोज गाड्या चालवून झाल्यावर, कारण खडी चिकटली की दुरुस्ती अवघड. दगडाची बारीक चाळलेली भुकटी आणलीत तर तिच्यातून लोहचुंबक दोन-तीनदा फिरवा, लोखंडाचे कण असले तर इंजिनाच्या मोटरचा मॅग्नेट ते ओढून घेतो. खडी कोरडी पसरून ब्रशने बसवा, वरून भांड्याच्या साबणाचा थेंब टाकलेलं पाणी फवारा, मग निम्म्यास निम्मं पाणी घातलेला फेविकॉल पिपेटने थेंब थेंब सोडा. पॉइंटच्या पात्यांजवळ एकही दाणा नको. आणि पूर्ण सुकेपर्यंत, आपल्याकडे दोन दिवस धरा, करंट देऊ नका, ओला फेविकॉल थोडी वीज वाहतो.

जमलं तर पुण्यात कोथरूडला जोशींचं लघुरेल्वेचं संग्रहालय आहे, १९९८ पासून, तिथे एकदा जाऊन या आणि गाड्यांऐवजी या वेळी फक्त पॉइंटकडे बघत बसा, चाकं तिथून कशी जातात ते.

उखडण्याआधी एक करा. समोरच्या टोकाला आणि पॉइंटच्या दोन्ही बाजूंना मिळून तीन ठिकाणी ड्रॉपर लावा, सहा तारा, दीड स्क्वेअरचा बस खालून कंट्रोलरपर्यंत, रविवारची एक सकाळ पुरते. लाल-काळं बझरवर तपासून मग तोच बल्ब घेऊन त्याच जागी परत मोजा. आधीचे आणि नंतरचे आकडे शेजारी शेजारी लिहून पाठवा, आणि पॉइंट उलटा करून खालच्या बाजूचा फोटो, म्हणजे तो इन्सुलफ्रॉग आहे की इलेक्ट्रोफ्रॉग ते बघून फ्रॉगची तार कुठे लावायची ते सांगतो.